तापलेल्या लोखंडाचें माप : कोलाडच्या तोफा व मुंबईचें पोलाद

रोहें तालुक्यांत कुंडलिकेच्या कांठीं कोलाड हें गांव आहे. मुंबईहून गोव्यास जाणारा रस्ता येथें नदी ओलांडतो, आणि सन १९९३ सालीं कोंकण रेल्वेचा रोहें ते वीर हा भाग सुरू झाल्यापासून आगगाडीचा मार्गहि या गांवावरून गेला आहे. गांवाचें नांव इतिहासांत फारसें गाजलेलें नाहीं. परंतु भोंवतालचा मुलूख पाहिला म्हणजे उत्तरेस खांबजवळचा सुरगड आणि पश्चिमेकडे रोह्यापलीकडे अवचितगड व घोसाळगड असे किल्ले जवळजवळ आढळतात. खालीं रेवदंड्यास, जेथें कुंडलिका समुद्रास मिळते तेथें, चौलचा फिरंगी कोट आहे. या किल्ल्यांवर जुन्या लोखंडी तोफा उघड्यावर पडलेल्या दिसतात. त्यांचें वर्णन करणारे बहुतेक लेखक तोफेची लांबी, तोंडाचा व्यास आणि अक्षरें असल्यास अक्षरें एवढें टिपून घेतात व पुढें चालूं लागतात. ज्या धातूची ती तोफ झाली, तो धातु विस्तवांत कसा वागतो, किती तापला म्हणजे वांकतो आणि किती तापला म्हणजे फुटतो, हा प्रश्न इतिहासाचा नसून रसायनशास्त्राचा होय, अशी समजूत रूढ आहे. आमच्या मतें ती बरोबर नाहीं. मुंबईंतून सन १७९४ च्या सुमारास विलायतेस गेलेल्या एका पत्रांत या प्रश्नाचें जें उत्तर आलें आहे, त्याची योग्यता अद्याप आपल्या वाचकांपुढें मांडली गेलेली नाहीं. ती मांडावी, व तशाच प्रकारचा पुरावा आपल्याकडील दफ्तरांतून कोठें निघण्याजोगा आहे तें सांगावें, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम तोफांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तोफ डागतांना नळी तापते, आणि एकामागून एक बार होऊं लागले म्हणजे ती निवण्यास अवकाश मिळत नाहीं. पंचरसी तोफ, म्हणजे तांबें व कथील यांच्या मिश्रणाची तोफ, थंड असतां चिवट असते, म्हणून ती फुटून गोलंदाज मरण्याचें भय थोडें. मात्र ती तापली म्हणजे नरम पडते. मग तोंडाकडचा भाग आपल्याच वजनानें खालीं झुकूं लागतो व बत्ती देण्याचें छिद्र झिजून रुंद होतें. सन १८११ सालीं स्पेनमधील बादाखोस शहराच्या वेढ्यांत इंग्रजांनीं एल्व्हासच्या कोटांतून आणलेल्या पोर्तुगीज बनावटीच्या जुन्या पितळी तोफांची नेमकी हीच गत झाली. तोंडें वांकलीं, छिद्रें रुंदावलीं, आणि बारांची संख्या मुद्दाम आवरून धरावी लागली. ओतीव लोखंडाच्या तोफेचा स्वभाव याच्या उलट. ती तापून झुकत नाहीं, परंतु फुटली तर कांहीं सूचना न देतां फुटते. तेव्हां वेढ्याच्या हकीगतींत अमुक दिवशीं तोफांचा मारा मंदावला असें जेथें आढळेल, तेथें दारू संपली किंवा गोलंदाज फितूर झाले असा तर्क करण्यापूर्वीं तोफा कोणत्या धातूच्या होत्या हें पाहिलें पाहिजे. कोंकणांतील वेढ्यांचे जे कागद छापले गेले आहेत, ते या दृष्टीनें पुन्हां वाचण्याजोगे आहेत.

कथिलाचें प्रमाण वाढलें म्हणजे गोष्ट आणखी बदलते. अहमदनगरास सन १५४९ सालीं महंमद बिन हसन रूमी यानें ओतलेली मलिक-ए-मैदान ही तोफ सर्वांस ठाऊक आहे. तिच्या धातूचें पृथक्करण झालेलें असून त्यांत शेंकडा सुमारें ८० भाग तांबें व २० भाग कथील निघालें. हें प्रमाण तोफेपेक्षां घंटेस शोभणारें आहे, आणि आपल्या घरांतील कांशाच्या ताटाचें प्रमाणहि जवळजवळ हेंच. कांसें थंडपणीं ठोकलें तर तडकतें. तांबडें लाल असतां तेंच हातोडीखालीं वळतें, आणि त्याहून अधिक तापविलें तर पुन्हां फुटतें. सहाशें अंश सेंटिग्रेडच्या किंचित् खालून आठशेंच्या किंचित् खालपर्यंत, एवढ्याच टप्प्यांत तें हातोडीस वश होतें. कासारास हे आंकडे माहीत नव्हते, पण टप्पा माहीत होता; भांडें निवूं लागलें कीं तो हात थांबवून तें पुन्हां भट्टींत घालीत असे. धातूला वांकण्याची एक मर्यादित वेळ असते आणि ती वेळ रंगावरून ओळखावयाची असते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

आतां मूळ पत्राकडे वळूं. मुंबईस कंपनीच्या वैद्यक खात्यांत हेलेनस स्कॉट नांवाचा डॉक्टर होता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याशीं त्याचा पत्रव्यवहार असे, आणि इकडील कारागिरांचे पदार्थ व कृति तो त्यांस कळवीत असे. अशा एका पत्राबरोबर त्यानें ‘वूट्झ’ या नांवाच्या पोलादाचे नमुने पाठविले. त्या नमुन्यांवर डॉ. जॉर्ज पिअर्सन यांनीं प्रयोग करून जो निबंध रचला, तो सन १७९५ च्या जून महिन्यांत सोसायटीपुढें वाचला गेला व तिच्या ग्रंथमालेंत छापला गेला. निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे. स्कॉटच्या पत्राचा आशय पिअर्सननें आरंभींच उतरून घेतला आहे, म्हणूनच तो आज आपल्यास उपलब्ध आहे.

नमुने म्हणजे वाटोळ्या चपट्या वड्या होत्या. एकेक वडी सुमारें ५ इंच व्यासाची, १ इंच जाडीची आणि वजनानें २ पौंडांहून कांहीं अधिक. प्रत्येक वडी मधोमध जवळजवळ आरपार कापलेली होती. गिऱ्हाइकास आंतील धातूचा कस दिसावा म्हणून ती तशी कापीत असावे, असें मानण्यास हरकत नाहीं. हें पोलाद इतर कोणत्याहि पोलादापेक्षां अधिक कठीण पाणी घेतें, बंदुकीच्या चापावर गारगोटी जेथें आदळते तो भाग मढविण्यासाठीं, कातावर लोखंड कापण्यासाठीं, आणि पाथरवटांच्या छिन्न्या, कानशी व करवती यांसाठीं त्याचा उपयोग होतो, असें स्कॉट लिहितो. एथपर्यंत सर्व गुणवर्णन झालें. यानंतर तो दोष सांगतो, आणि आमच्या दृष्टीनें पत्राचें सर्व मोल त्या दोषांतच आहे.

तो म्हणतो तें असें. हें पोलाद मंद लालीच्या पलीकडे ऊन सहन करीत नाहीं, त्यामुळें लोहाराच्या हातीं तें फार सावकाश घडतें. लाली वाढली कीं गोळ्याचा कांहीं भाग वितळून वाहूं लागतो आणि सगळा माल हातचा जातो. जणूं निरनिराळ्या उष्णतेस वितळणाऱ्या निरनिराळ्या धातूंचाच तो गोळा बनलेला असावा. लोखंडाशीं किंवा दुसऱ्या पोलादाशीं त्याचा तापवून सांधा जुळत नाहीं, म्हणून तें मळसूत्रानें जोडावें लागतें. तें घडविणें इतकें अवघड, कीं ती लोहारकामाहून निराळी अशी एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे.

एवढ्या चार विधानांत काय काय आलें आहे तें पाहावें. धातु कोणत्या उष्णतेस घडतो तें आलें. कोणत्या वेगानें घडतो तें आलें. वरची मर्यादा ओलांडली तर काय होतें तें आलें. आणि त्याच्या कारणाविषयीं एक अनुमानहि आलें. अत्युष्ण स्थितींत धातु आकार कसा बदलतो याचें परीक्षण आज प्रयोगशाळांतून होतें, त्यांतहि ऊन, वेग व मर्यादा हींच तीन अंगें तपासलीं जातात. स्कॉट स्वतः लोहार नव्हता. मंद लालीच्या पुढें धातु वाहतो हें त्यानें भाता चालवून शोधून काढलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ही माहिती मुंबईच्या पोलादकारागिरांच्या तोंडची आहे. त्यांचीं नांवें पत्रांत नाहींत. तथापि साक्ष त्यांचीच असल्यामुळें या पत्राची गणना इंग्रज डॉक्टराच्या लेखनांत न करतां देशी कारागिरांच्या जबानींत करावी, असें आमचें मत आहे.

विलायतेंत या साक्षीचें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. पिअर्सननें पोलादाची घनता तोलली, तें आम्लांत विरघळवून पाहिलें, व स्टोडार्ट नांवाच्या शस्त्रकाराकडून त्याचा एक चाकू करविला. स्टोडार्टनें कठिणतेची फार वाखाणणी केली व पुढें अनेक वर्षें हेंच पोलाद तो आवडीनें वापरीत असे. परंतु पिअर्सनचा निष्कर्ष असा निघाला, कीं या पोलादांत लोखंडाचा गंज, म्हणजे प्राणवायूशीं संयोग पावलेलें लोखंड, थोडें मिसळलेलें आहे आणि त्याचा अवघड स्वभाव त्यामुळें आहे. हा निष्कर्ष चुकीचा होता. पुढें सन १८०५ सालीं डेव्हिड मशेट यांनीं अशाच पांच वड्या तपासल्या. या पोलादांत कोळशाचा अंश नेहमींच्या ओतीव पोलादापेक्षां अधिक आहे, असें त्यांनीं दाखविलें, आणि तें खरें ठरलें. सन १८१९ पासून मायकेल फॅरडे व स्टोडार्ट यांनीं याच पोलादाचें अनुकरण करण्याच्या खटपटींत मिश्रपोलादाचे प्रयोग चालविले. म्हणजे विद्युच्छास्त्रांत पुढें अजरामर झालेल्या या पुरुषाच्या आरंभींच्या परिश्रमांचा एक भाग आपल्याकडील वडीवर खर्च झालेला आहे. परंतु या सर्वांत लालीचें विधान मागें पडलें. त्याकडे कोणीं पाहिलें तर दोष म्हणून पाहिलें. माप म्हणून कोणींच पाहिलें नाहीं.

असें कां व्हावें? आमच्या मतें कारण हें, कीं त्या काळीं युरोपांत लाल लोखंडाची उष्णता मोजण्याचें जें एकमेव नांवाजलेलें साधन होतें, तें स्वतःच खोटें होतें. त्याची हकीगत मोठी बोधप्रद असून थोडी विनोदीहि आहे.

पाऱ्याचा तापमापक पारा उकळूं लागला कीं निरुपयोगी होतो, आणि पारा तर लोखंड लाल होण्याच्या कितीतरी आधींच उकळतो. इंग्लंडांतील प्रसिद्ध कुंभार जोसाया वेजवुड यांस आपल्या भट्टीची आंच मोजावयाची होती. चिकणमाती भाजली म्हणजे आकसते व जितकी अधिक भाजावी तितकी अधिक आकसते, हें प्रत्येक कुंभारास ठाऊक असतें. वेजवुडनें त्याचेंच माप केलें. पितळेच्या दोन सरळ पट्ट्या त्यानें एका तबकडीवर अशा बसविल्या, कीं एका टोंकास त्यांमध्यें अर्धा इंच अंतर राहावें आणि २४ इंच पुढें गेल्यावर तें ३ दशांश इंच व्हावें. या लांबीचे त्यानें २४० भाग पाडले. मातीचा ठराविक आकाराचा तुकडा भट्टींत घालून, काढून, निवल्यावर या खांचेंत सरकवावयाचा. तो जेथें अडेल तो त्या भट्टीचा अंश. एकेक अंश म्हणजे खांचेच्या रुंदींत एक इंचाचा १२०० वा भाग. ही युक्ति सन १७८२ सालीं रॉयल सोसायटीपुढें आली. पदार्थाचा तापल्यानें जो आकारभेद होतो त्यावरूनच ताप मोजावयाचा, ही कल्पना निःसंशय उत्तम होती.

घोटाळा पुढें झाला. आपले अंश फॅरनहाइटच्या अंशांशीं जुळविण्यासाठीं वेजवुडनें सन १७८४ सालीं चांदीच्या तुकड्याच्या प्रसरणाचा दुवा घेतला व आपला एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १३० अंश असा सरळ हिशेब बसविला. माती सर्व उष्णतेंत सारख्याच प्रमाणानें आकसते असें यांत गृहीत होतें, आणि तें तसें नाहीं. माती एका टप्प्यास एकदम पुष्कळ आकसते, आणि तीच आंच अधिक वेळ दिली तर आणखी आकसते. म्हणजे आंच व वेळ या दोहोंची ती एकत्र नोंद करते. परिणाम असा झाला, कीं या हिशेबानें तांबें ४,५८७ अंश फॅरनहाइटास वितळूं लागलें, चांदी त्याच्याहि वर ४,७१७ अंशांस, आणि ओतीव लोखंड १७,९७७ अंशांस! वास्तविक चांदी ९६२ अंश सेंटिग्रेडास वितळते व तांबें १,०८५ अंशांस, म्हणजे क्रमसुद्धां उलटा झाला. लोखंडाचा आंकडा सेंटिग्रेडमध्यें मांडला तर सुमारें दहा हजार अंश येतो. सूर्याच्या पृष्ठभागाचें तापमान साडेपांच हजारांच्या आसपास आहे. इंग्लंडांतील बिडाच्या भट्ट्या सूर्याहून तापट होत्या, यावर निदान तेथील कोळशाच्या व्यापाऱ्यांनीं तरी विश्वास ठेवला नसावा.

हे आंकडे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ उतरले गेले. त्या काळच्या धातुविषयक इंग्रजी ग्रंथांचा आधार घेणाऱ्यांनीं एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी : ग्रंथांत ‘वेजवुडचे अंश’ असा उल्लेख असेल, किंवा पांच अंकी फॅरनहाइट आंकडा असेल, तर तो केवळ क्रम दाखविणारा समजावा, आणि क्रमहि जपून घ्यावा. फ्रान्सांत गीतों द मोर्व्हो यांनीं प्लॅटिनमच्या प्रसरणावरून या आंकड्यांस प्रथम जबर धक्का दिला. नंतर लंडनांत जॉन फ्रेडरिक डॅनिएल यांनीं शिशाच्या पेन्सिलींत असतो त्या काळ्या खनिजाच्या नळींत प्लॅटिनमची सळई बसवून, सळई नळीपेक्षां किती अधिक वाढली तें एका सरकत्या खुणेवरून वाचण्याचें यंत्र केलें. सन १८३० च्या सुमारास त्यांनीं दिलेले आंकडे तांब्यास १,९९६ व ओतीव लोखंडास २,७८६ अंश फॅरनहाइट असे आहेत. पहिला आजच्या आंकड्याशीं जवळजवळ तंतोतंत जुळतो. दुसरा कांहींसा चढा आहे, पण सतरा हजारांपुढें तो सोन्यासारखा समजावयाचा. फ्रान्सांतील ल शातेलिए यांनीं सन १८८६ च्या सुमारास प्लॅटिनम व र्होडियम यांच्या तारांचें विजेवर चालणारें मापक सिद्ध केलें, तेव्हां हा वाद खऱ्या अर्थानें मिटला. त्याच सुमारास जर्मनींत हर्मान झेगर यांनीं ठराविक मिश्रणाचे मातीचे लहान सुळके केले. भट्टीची आंच पोहोंचली म्हणजे सुळका मान टाकून वांकतो. वेजवुडच्या कल्पनेंत जें खरें होतें तें या सुळक्यांत उरलें, आणि कुंभारकामाच्या भट्ट्यांतून ते आजहि वापरांत आहेत. तापलेला धातु कायम वजनाखालीं हळूहळू किती लांबत जातो याचें पद्धतशीर मापन त्यानंतरचें. अँड्रेड यांचा त्या विषयावरील निबंध सन १९१० चा आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या पत्राकडे पुन्हां पाहावें. सन १७९५ सालीं अंशांचा आंकडा देणारा मनुष्य हजारों अंशांनीं चुकत होता; ‘मंद लाली’ असें सांगणारा कारागीर शें-पन्नास अंशांच्या आंत बरोबर होता. हा आमचा अभिमानाचा उद्गार नव्हे. अंधाऱ्या खोलींत लोखंड सुमारें सहाशें ते सातशें अंश सेंटिग्रेडास मंद लाल दिसतें, हजारापुढें पिवळें पडतें व तेराशेंच्या आसपास पांढरें होतें. हा क्रम कोणत्याहि लोहाराच्या शाळेंत पडताळतां येतो. भट्टी अंधारी ठेवण्याची जुनी चाल याचसाठीं उपयोगी पडते, उन्हांत लालीचा अंदाज चुकतो.

कारागिरांचें कारणाविषयींचें अनुमानहि बहुतांशीं खरें निघालें आहे. या पोलादांत कोळशाचा अंश शेंकडा सुमारें दीड भाग असतो. नुसतें शुद्ध लोखंड १,५३८ अंशांस वितळतें. परंतु दीड टक्का कोळसा व त्यांत थोडा स्फुरद असला, म्हणजे वडी थिजतांना शेवटीं राहिलेला द्रव बारीक शिरांतून सांठतो आणि त्या शिरा हजार अंशांच्या आसपासच पुन्हां वितळूं लागतात. बाकीचा गोळा घट्ट आणि शिरा पातळ, अशा स्थितींत हातोडा बसला तर गोळ्याचा भुगा होणारच. निरनिराळ्या उष्णतेस वितळणाऱ्या धातूंचें मिश्रण, ही कल्पना यापेक्षां फार दूर नाहीं. सांधा न जुळण्याचें कारणहि येथेंच सांपडतें. घडीव लोखंडाचा सांधा तेराशें अंशांच्या पांढऱ्या उन्हांत जुळतो. त्या उन्हांत हें पोलाद अंशतः वितळलेलें असतें.

सावकाश घडतें, या विधानाचा उलगडा व्हावयास मात्र पुढें पावणेदोनशें वर्षें लागलीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ओलेग शर्बी व जेफ्री वॉड्सवर्थ यांनीं सन १९७० नंतरच्या दशकांत शेंकडा एक ते दोन टक्के कोळसा असलेल्या पोलादांवर ताण देऊन मापें घेतलीं. अशा पोलादाचे कण अतिसूक्ष्म केले, आणि तें साधारण साडेसहाशें ते आठशें अंशांत ठेवून सावकाश ओढलें, तर तें न तुटतां मूळ लांबीच्या कित्येक पट लांबतें. घाई केली तर हा गुण नाहींसा होतो. जुन्या दमास्कसी तलवारींच्या पोलादाशीं याचा संबंध त्यांनीं स्वतःच जोडून दाखविला आहे. यावरून मुंबईच्या लोहारांस हें सर्व शास्त्र अवगत होतें असा अर्थ कोणीं काढूं नये. ओतीव वडींतले कण मोठे असतात; ते बारीक होण्यास तिला कित्येकदां तापवून ठोकावी लागते, आणि त्या दरम्यान ती लांबत नाहीं, उलट फुटावयास पाहते. आम्ही म्हणतों तें इतकेंच, कीं ऊन मंद ठेवावें व हात सावकाश चालवावा, हा जो कारागिरांचा नियम स्कॉटनें दोष म्हणून लिहिला, तो त्या धातूचा स्वभाव होता, आणि नियम बरोबर होता.

हें पोलाद खरोखर मुंबईस तयार होत होतें काय? आम्हांस तें संभवनीय वाटत नाहीं. मुंबई ही त्याची पेठ होती. वड्यांच्या भट्ट्या आंतल्या मुलखांत, म्हैसूरकडे, सेलमकडे व निर्मळजवळील कोनसमुद्रम् या तेलंगणांतील गांवीं होत्या. कोनसमुद्रम् येथील भट्टी डॉ. व्हॉयसी यांनीं पाहिली होती. सन १८३२ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत छापलेल्या त्यांच्या वर्णनांत, इस्पहानहून आलेला हाजी हुसेन नांवाचा इराणी व्यापारी तेथें माल खरेदीसाठीं येऊन राहिलेला आढळतो. मुशींतून निघालेल्या वड्या माती लिंपून पुन्हां पुन्हां मंद आंचेंत ठेवीत, तेव्हां त्या घडण्याजोग्या होत, असें व्हॉयसी सांगतात. म्हणजे मंद लालीचा नियम एका शहरापुरता नव्हता. वडी घडविणाऱ्यापूर्वीं वडी करणाराहि तोच पाळीत असे. वूट्झ हें नांवहि कानडी ‘उक्कु’ या शब्दाच्या अपभ्रंशावरून आलें, असें विद्वानांचें मत आहे.

येथें कोलाडच्या मुलखाचा संबंध पुन्हां येतो. या भागांत लोखंडाच्या खाणी नव्हत्या, पण कोळसा होता. पेण-रोह्याच्या डोंगरांतून लांकूड व लोणारी कोळसा खाडीच्या वाटेनें मुंबईस जात असे, आणि कोळसा पाडण्याचें काम पुष्कळ अंशीं कातकरी लोकांच्या हातचें होतें. ज्या भट्टींत मापक नाहीं, तिची आंच मोजण्याचें जमाखर्ची साधन कोळसा हेंच होय. किती वजनाच्या लोखंडास किती कोळसा जळाला, आणि घडल्यावर लोखंड किती घटलें, हे दोन आंकडे मिळाले तर भट्टी किती तापली याचा अंदाज आज बऱ्यापैकीं करतां येतो. कारण लोखंड जितकें अधिक व जितका अधिक वेळ तापतें, तितका त्याचा पापुद्रा जळून गळतो. किल्ल्यांच्या व गलबतांच्या कारखान्यांचे हिशेब ठेवणाऱ्या कारकुनांनीं हे दोन्ही आंकडे सरकारच्या चोरीच्या भयानें लिहिले असणार, शास्त्रासाठीं नव्हे. आमच्या दृष्टीनें तें अधिकच बरें. संशोधक मात्र बंद चाळतांना राजकारणाचीं पत्रें वेगळीं काढतात व कोळशाचे ताळेबंद परत बांधून ठेवतात.

शस्त्रसंग्राहकांसहि एक सूचना करणें प्राप्त आहे. जौहरदार पात्यावरील नागमोडी नक्षी ही वर काढलेली नसून धातूच्या पोटांतील असते. तिच्या रेघा म्हणजे कोळसा व लोखंड यांच्या संयोगाच्या कठीण कणांच्या रांगा होत. आयोवा येथील प्राध्यापक व्हरहोवेन व फ्लोरिडांतील लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनीं सन १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें आहे, कीं व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदीं लेशमात्र अंश वडींत असला, तरच वारंवार मंद तापवून ठोकतांना या रांगा जुळून येतात. पातें फार तापविलें तर ते कण विरघळून नक्षी नाहींशी होते. त्याहून पुष्कळ कमी उन्हांत पात्याचें पाणी उतरतें. चकाकीवर गवती पिवळा रंग सुमारें २३० अंशांस येतो व निळा ३०० च्या आसपास, आणि निळें पडलेलें पातें पूर्वीचें राहत नाहीं. वांकलेली तलवार सरळ करण्यासाठीं, मुठींतील लाख सोडविण्यासाठीं, किंवा पातें सकेल्याचें कीं जौहरदार हें पाहण्यासाठीं विस्तवाचा उपयोग करण्याची चाल कांहीं संग्रहांतून आहे. लाख सोडविण्यास उकळतें पाणी पुरतें. नक्षीची परीक्षा सौम्य आम्लाच्या एका थेंबानें, तीहि मुठीजवळच्या झांकल्या जागीं, करावी. विस्तवांत गेलेलें पातें संग्रहांत राहील, पण पुरावा म्हणून त्याची किंमत संपली.

पेण, रोहें, नागोठणें व चौल या बाजूंस ज्यांच्याकडे कारखान्यांचे, गलबतांच्या डागडुजीचे किंवा किल्ल्यांच्या सामानाचे जुने कागद असतील, त्यांनीं ते पाहतांना पुढील बाबी उतरून घ्याव्या अशी आमची विनंति आहे. कोळसा कोणत्या लांकडाचा लिहिला आहे. त्याचें वजन कोणत्या मापानें दिलें आहे. लोखंड कोणत्या प्रतीचें म्हणून नोंदलें आहे व ‘पोलाद’ हा शब्द वेगळा आला आहे कीं काय. काम घेतांना दिलेलें वजन व काम झाल्यावर परत घेतलेलें वजन यांत घट किती धरली आहे. आणि एका दिवसांत एका भात्यावर काम किती उरकलें आहे. या शेवटच्या आंकड्याकडे विशेष पाहावें. साध्या लोखंडाच्या व पोलादाच्या कामांत दिवसांचा जो फरक दिसेल, त्यावरून स्कॉटच्या पत्रांतील ‘सावकाश’ या शब्दाचें माप आपल्याच दफ्तरांतून निघेल.